तीन खणांचा वाडा

मराठी माणसाच्या गावाकडच्या घराचा इतिहास पेशवाईत सुरू होतो. त्या घरात कुणीतरी सरदार निदान एक रात्र मुक्कामाला राहिलेला असतो, परसात मोहरांचा हंडा पुरलेला असतो आणि तो चुलत घराण्यानं आधीच काढून नेलेला असतो. सातारा जिल्ह्यातलं आमचं घर याला अपवाद नाही. पुण्यात मी त्याला 'वाडा' म्हणतो. ज्यांनी ते पाहिलेलं नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही, अशा मंडळींसमोर 'चौसोपी' हा शब्दही माझ्या तोंडून निसटलेला आहे.

त्यामुळे गावठाणाची ड्रोननं मोजणी होणार आहे, घराचे असतील नसतील ते कागद काढून ठेवा, असा गावाहून निरोप आला तेव्हा मला आनंदच झाला. मी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेला माणूस. 'तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणा, मग बोलू' हे वाक्य मी उभ्या नोकरीत गावोगावच्या लोकांना ऐकवलं होतं. कागदाची भीती मला कधी वाटली नाही, कारण ते कायम दुसऱ्याचे असत. मी नवी कोरी फाईल आणली, तिच्यावर 'वाडा : मालकी हक्क, इ. स. १७५० ते आजतागायत' असं ठळक अक्षरांत लिहिलं आणि गाव गाठलं.

पहिलं ठाणं तलाठी कार्यालय. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावाच्या जिभेला ते अजून वळलेलं नाही. मी ऐटीत सातबारा मागितला.

"कुठल्या गटाचा?"

"गटाचा नाही, घराचा."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी अपुऱ्या कागदांच्या कर्जदाराकडे पाहत असे. "घर गावठाणात आहे ना काका? मग सातबारा कुठून येणार?"

यात तथ्य होतं. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये जमिनीवरचा हक्क, बारामध्ये तिच्यावरचं पीक. इंग्रजांनी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून मोजणीला हात घातला तो शेतसारा बसवण्यासाठी. सारा काळीवर, पांढरीवर नाही. म्हणून काळीतला बांधन्‌बांध साखळी टाकून मोजला गेला, ३३ फूट गुणिले ३३ फुटांचा गुंठा कागदावर चढला आणि माणसं जिथं राहत होती ती पांढरी बहुतेक लहान गावांत न मोजताच राहून गेली. माझ्या पणजोबांच्या ज्वारीची सरकारदरबारी नोंद होती, पणजोबा कुठं झोपत होते याची नव्हती.

"बरं, मग आठ द्या," मी म्हणालो.

"आठ अ माझ्याकडे आहे, पण तो जमिनीचा खातेउतारा. घराचा आठ ग्रामपंचायतीत."

दोन वेगळ्या कार्यालयांत दोन वेगळे आठ असतात, हे मी कर्जदारांना समजावून सांगत असे. ते तेव्हा का चिडत, याचा उलगडा ग्रामपंचायतीपर्यंत चालत जाताना झाला. चढ होता.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. आमची नोंद सापडली. मालकाच्या रकान्यात आजोबांचं नाव आणि भोगवटादाराच्या रकान्यात 'स्वतः'. आजोबा १९७१मध्ये वारले. त्यानंतरची पन्नास वर्षं, कागद खरा मानायचा तर, त्या घरात ते स्वतःच राहत होते. घराचं वर्णन होतं, 'दगड-विटा-मातीचे, कौलारू'. मी हरकत घेतली. म्हटलं, तिथं 'वाडा' असं लिहायला हवं.

"लिहिता येईल का ते बघू," ग्रामसेवक म्हणाले, "पण मग फेरआकारणी करावी लागेल. पट्टी वाढेल."

घराण्याची इभ्रत राखायची तर किंमत मोजावी लागते, असं मी नेहमी म्हणतो. या वेळी म्हटलं नाही.

शिवाय नमुना ८ हा मालकीचा पुरावा नव्हेच. पट्टी कोणाच्या नावावर आहे एवढंच तो सांगतो, आणि न्यायालयांनीही हे पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. आमच्या बाबतीत तर पट्टी कोण भरतं तेही तो सांगत नव्हता. त्यासाठी पावत्या पाहाव्या लागल्या. प्रत्येक पावतीवर नाव आजोबांचं आणि 'हस्ते'च्या पुढं सही समोरच्या घरातल्या बापूंची. घराची किल्ली बापूंकडे असते. पावसाळ्यापूर्वी कौलं तेच चाळून घेतात आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून तंबाखू मळतात. पट्टी परस्पर भरली जाते हे मला माहीत होतं. कुणाच्या खिशातून, हे विचारायचं बरीच वर्षं राहून गेलं होतं.

आता उरलं दुय्यम निबंधक कार्यालय. तिथं सूची क्रमांक दोन, म्हणजे बोलीभाषेतला इंडेक्स टू, उलटापालटा करून पाहिला. आमच्या घराची एकही खरेदी नाही, विक्री नाही, गहाण नाही. मी छाती फुगवून बाहेरच्या दस्तलेखकांना म्हणालो, "बघा, कधी हात बदललाच नाही. मूळचंच आमचं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तसं नसतं साहेब. शंभर रुपयांच्या आतलं खत असेल तर नोंदणीची सक्तीच नव्हती. जुनी खेड्यातली घरं सगळी शंभराच्या आतली. माळ्यावर ट्रंक आहे का?"

ट्रंक होती. तिच्यात तांब्याचं एक चेपलेलं पंचपात्र, उंदरांनी अर्धी वाचलेली पंचांगं आणि मोडीतले काही कागद निघाले. मोडीचा एक वर्ग मी निवृत्तीनंतर केलेला आहे. त्याचं प्रमाणपत्र पुण्याच्या घरी भिंतीवर आहे. त्या बळावर एक कागद दाराच्या उजेडात धरला आणि मला पहिल्याच ओळीत 'पेशवे' दिसले. दुसऱ्या ओळीतही पेशवे. तिसऱ्या ओळीत तर दोनदा. इतक्या पेशव्यांनी एका कागदावर येण्यासारखं आमच्याकडे काय होतं, हा प्रश्न मनात यायला हवा होता. पण तोवर मी फोटो काढून घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता : 'वाड्याची पेशवेकालीन सनद सापडली!!!'

पुढची हकिगत एकदम दोन आघाड्यांवर घडली.

पहिली आघाडी ग्रुपची. कौलं फुटली तेव्हा, भिंत फुगली तेव्हा, परसातला आड बुजवायचा ठरला तेव्हा, या ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रापलीकडे कुणी काही टाकलं नव्हतं. सनदेचा फोटो पडताच ठाणे, नागपूर आणि न्यू जर्सी इथून एकदम जाग आली. आत्यांच्या मुलांनी २००५च्या दुरुस्तीची आठवण करून दिली, तर एका चुलतभावानं १९५६चा हिंदू वारसा कायदाच पीडीएफ करून पाठवला. वंशावळ मांडली तेव्हा एकवीस वारस भरले. घराचं क्षेत्र सव्वापाचशे चौरस फूट. कायद्यानं हिस्से असे सरळ पडत नाहीत हे मला कळतं, पण राहवेना म्हणून भागाकार केला. माणशी पंचवीस फूट, म्हणजे पाच बाय पाच. माझी उंची पाच फूट सात इंच आहे. वडिलोपार्जित वाड्यात मला यापुढं कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं झोपावं लागणार होतं.

दुसरी आघाडी मोडीची. पूर्वी मोडीचे जाणकार पुराभिलेखागारात रुमाल सोडून निवांत बसलेले दिसत. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला आणि त्यांना मान वर करायला सवड राहिली नाही. एकानं मोठ्या मिनतवारीनं वेळ दिला. माझी सनद हातात घेतली आणि म्हणाले, "हे पेशवे नाहीत, पायल्या आहेत. उसनवारीचा हिशेब आहे. बाजरी एक मण, म्हणजे बारा पायल्या. परत आलेल्या दिसत नाहीत." मग दुसरा कागद घेतला. तो मी फाईलमध्ये सर्वांत खाली सरकवला होता, कारण त्यात एकही पेशवा दिसला नव्हता. "हे तुमचं खरेदीखत. शके १८०७."

म्हणजे सन १८८५. पेशवाई १८१८ला बुडाली. आमच्या वाड्यात मुक्काम करायला सरदार सदुसष्ट वर्षं थांबला असता, तर गोष्ट वेगळी.

खतातला मजकूर थोडक्यात असा : तीन खण घर, मोकळ्या जागेसह, ९५ रुपयांस कायमचं दिलं. दोन खांबांमधलं अंतर तो एक खण, असे तीन. चौसोपीतला एकही सोपा त्यात नव्हता. शंभरला पाच रुपये कमी ठेवून नोंदणीचा खर्च मात्र बरोबर वाचवलेला होता. घराण्यात हिशेबी डोकं कुठून आलं, याचा एवढा सज्जड पुरावा मला दुसरा मिळालेला नाही.

आता अडचण नावांची. घेणार 'आप्पा वलद बाबा' आणि देणार 'बाबा वलद आप्पा'. आमच्या वंशावळीत दर पिढीला एक आप्पा आणि एक बाबा आहे. आमच्या पूर्वजानं घर घेतलं की विकलं, हेच कळेना. विकलं असेल तर आम्ही एकवीस जण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ दुसऱ्याच्या घरावरून भांडत होतो. शेवटी चतुःसीमा वाचल्या. पश्चिमेस मारुतीचा पार, उत्तरेस लिंबाचं झाड, दक्षिणेस धान्याचं पेव. पार हलवून मारुतीला स्लॅबचं देऊळ झालं, लिंब माझ्या लहानपणीच पडला, पेव बुजवून त्यावर मोबाईल रिचार्जचं दुकान थाटलं. राहिली पूर्व. पूर्वेस गल्ली, पलीकडे देणाराचं राहतं घर.

गल्लीपलीकडे बापू राहतात.

बापू नेहमीप्रमाणे आमच्या ओट्यावर बसलेले होते. विचारलं, "बापू, हे घर तुमच्या पणजोबांनी आमच्या पणजोबांना विकलं होतं?"

"व्हय की," बापू म्हणाले. "मोठा दुष्काळ पडलेला. बैलं गेली हुती. कर्ज काढून फिटंना, म्हून घराचा एक भाग काढला."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाई. तुमी आल्यापासनं कागूद कागूद करत पळताय. म्हटलं, साहेब कामात हाय."

तो मोठा दुष्काळ १८७६ ते ७८चा. मी सरदाराबद्दल विचारलं. "सरदार कसला? सर्कल आलता, तुमच्या आज्याच्या वक्ताला. पावसात अडाकला, राहिला रातभर." आणि हंडा? "हंडा हुता की. पान्याचा. तुमच्या थोरल्या काकानं मुंबैला नेला, ष्टोव्हवर बसतोय का बघाय."

एका बैठकीत दीडशे वर्षांचा सर्च रिपोर्ट तोंडी मिळाला. फी म्हणून चुन्याची डबी पुढं करावी लागली.

मोजणीचा दिवस उजाडला. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग आधी होऊन गेला होता; २४ एप्रिल २०२०ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाल्यावर ही पद्धत देशभर गेली. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकानं आपल्या हद्दीवर चुन्याची फक्की मारायची, म्हणजे वरून रेघ दिसते. मी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फक्की मारली. हद्द पुसट आणि मी ठसठशीत उमटलो.

चौकशीच्या वेळी मी फाईल उघडणार, तोच मोजणीच्या साहेबांनी बापूंना विचारलं, "आजोबा, हे घर कुणाचं?"

बापूंकडे किल्ली होती, पट्टीच्या पावत्यांवर सह्या होत्या, रोजची बैठकही तिथलीच होती. मी कर्जविभागात असतो, तर एवढ्या भांडवलावर माणूस काय काय दावा सांगू शकतो याची यादीच केली असती. बापूंनी तंबाखूची चिमूट गालात सरकवली. "ह्यांचंच हाय, लिवा. आमच्या पंज्यानं इकलंय."

मिळकत पत्रिका झाली. तिच्यावर नाव आजोबांचंच लागलं, कारण नमुना ८वर तेच होतं आणि आमची वारसनोंद अजून व्हायची आहे. एकवीस जणांच्या सह्या एका कागदावर आणायच्या आहेत. न्यू जर्सीची सही पोस्टात आहे असं कळतं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. पत्रिका हातात पडली म्हणजे काम संपलं असं समजू नका. तिच्यावर मयताचं नाव असेल तर वारसनोंदीचा अर्ज याच वर्षी करा, वारस फक्त वाढत जातात. गावच्या घराची पट्टी स्वतः भरा, आणि आजवर दुसऱ्यानं भरली असेल तर आधी त्याचे पैसे चुकते करा. आणि कुठल्याही कार्यालयाची पायरी चढण्याआधी गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा. कागद दप्तरात आणखी वर्षभर थांबेल, म्हातारा माणूस थांबेलच असं नाही.