वेफर्स मात्र बटाट्याचे

जळगावात उद्योजकता परिषद भरली की केळीवर प्रक्रिया करण्याचा सल्ला हमखास मिळतो. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून वक्त्यांना आणखीच जोर चढला आहे. मंचावर मूल्यवर्धनाचं भाषण रंगतं आणि श्रोत्यांच्या कागदी बशीत असतात बटाट्याचे वेफर्स.

उद्योजक भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये इथला केळीच्या पावडरीचा कारखाना घेतला आणि त्यात काढलं काय, तर पपईच्या चिकापासून पपेन! हा किस्सा टाळ्या घेतो. पण कारखान्यातून केळी का गेली, हे विचारायच्या आत जेवणाची सुट्टी होते.

शेजारच्या धुळेकरांचं बरं आहे. उद्योग का येत नाहीत म्हटलं की मनमाड-इंदूर रेल्वेकडे बोट दाखवायचं. त्या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये. गाडी येईल तेव्हा येईल; श्रेयाचे फलक तिच्या आधी पोहोचतात.

परिषदेत एवढं ऐकून एखादा पोरगा खरंच पेटतो, फाईल घेऊन बँकेत जातो. साहेब चष्म्यावरून बघतात. "भाऊ, मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद?"

नवा धंदा काढण्याआधी तो तीन वर्षं चालवून दाखवायचा, एवढीच तर अट आहे!