साडेआठ इंच

स्पोर्ट्स कार दोन प्रकारच्या असतात. एक, जिच्यात दोनच माणसं बसतात ती. आणि दुसरी, आमच्या सोसायटीतल्या हेराल्डकाकांची. काकांच्या गाडीत पुढे दोन, मागे तीन आणि काकांच्या लहानपणीच्या हिशेबाने मांडीवर आणखी दोन माणसं बसतात. तरी ती स्पोर्ट्स कारच. यावर वाद घालायचा असेल तर खुशाल घालावा. फक्त त्या संध्याकाळी दुसरं काही काम ठेवू नये.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१पासून बनवलेली, ९४८ सीसीची, दोन दारांची फॅमिली कार. ‘फॅमिली’ हा शब्द काकांपुढे काढायचा नाही. मुळात ही इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ सालची. तिचं रूप रेखाटलं जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने. पुढे हेराल्डचीच चासी आखूड करून तिच्यावर ट्रायम्फ स्पिटफायर उभी राहिली, तिचंही रूप मिकेलोत्तीचंच, आणि ती १९६२ साली बाजारात आली. स्पिटफायर स्पोर्ट्स कार आहे याबद्दल कुठेच दुमत नाही. आता हेराल्डच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साडेएक्क्याण्णव इंच, स्पिटफायरचं त्र्याऐंशी. म्हणजे काकांची गाडी आणि स्पोर्ट्स कार यांच्यामध्ये फक्त साडेआठ इंच उभे आहेत. “आहे काय साडेआठ इंच?” असं म्हणत काका अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवतात. स्पिटफायरचं इंजिन ११४७ सीसीचं होतं, त्याचं काय, असं विचारलं की त्यांना त्या कानाने कमी ऐकू येतं.

जुन्या गाड्यांचे शौकीन म्हटलं की लोकांना संस्थानिकांच्या रोल्स, कडक फेटे आणि रॅलीच्या झेंड्यापाशी हसरे चेहरे आठवतात. ती मंडळी वेगळी. त्यांच्या गाड्या दुसरेच कोणी दुरुस्त करतात, आणि यांना फक्त फेटा बांधून घ्यावा लागतो. आमचे काका निवृत्त इंजिनिअर. ज्या खात्यात उभी हयात गेली, तिथे टेंडर काढायचं आणि काम दुसऱ्याने करायचं अशी रीत होती. तिचा वचपा म्हणून आता ते बोल्टलाही परक्या माणसाचा हात लागू देत नाहीत. रविवारी सकाळी ते जुन्या बाजारात असतात, एरवी नाना पेठेत, आणि उरलेला वेळ गाडीच्या पुढच्या टायरवर बसलेले. हेराल्डचं आख्खं नाक, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटतं. त्यामुळे इंजिनाशेजारी चाकावर ऐसपैस बसून काम करता येतं. काकांचं पेपर वाचणं, चहा पिणं आणि सोसायटीच्या कमिटीला पत्रं लिहिणं हे सगळं त्याच आसनावर चालतं. मला विचाराल तर हेराल्डचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. आरामखुर्ची म्हणून तिला तोड नाही.

या जातीच्या माणसाला ओळखायची एक खूण आहे. त्याच्या जगात एक खलपुरुष असतो आणि त्याचं नाव ‘पूर्वीचा मालक’. गाडीत जे जे वाईट आहे ते ते पूर्वीच्या मालकाने केलेलं असतं. काकांनी पहिलं चाक काढलं त्या दिवसापासून आम्ही या इसमाची कृत्यं ऐकत आलो. हेराल्डचे बोल्ट इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या डोक्याला म्हणजे १२.७ मिलिमीटरला याने १३ नंबरचा पाना लावला, आणि डोकी झिजवून गोल केली. चासीच्या बाजूला आडवे हात असतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. ते गंजले तेव्हा नवे पत्रे वेल्ड करायचे सोडून याने आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि वरून लांबी भरून दिली. हेडलाइटच्या वायरीला घरातल्या इस्त्रीची वायर जोडली. “माणूस होता की कोण होता?” असं काका गंजलेला पत्रा हातात धरून विचारत, आणि आम्ही मान हलवत असू.

मधूनच काका वडिलांबद्दलही बोलत. वडिलांनी नंबर लावून गाडी घेतली. वडिलांचा कान असा, की टॅपेटचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ओळखत. वडिलांनी ऑइल वेळच्या वेळी बदललं, म्हणूनच तर इंजिन अजून शाबूत आहे. हे सगळं आदराने चाले. मला बऱ्याच उशिरा साधी बेरीज करावीशी वाटली. गाडी वडिलांनी नवी घेतली आणि काकांनी ती वडिलांनंतर घेतली, तर मग मधला हा हरामखोर आला कुठून? मी काकूंना हळूच विचारलं. काकू भाजी निवडत होत्या. “अहो, मधे कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “चांगलं निघालं की मामंजी, वाईट निघालं की पूर्वीचा मालक. लग्न झाल्यापासून मी तेच ऐकतेय, घराच्या बाबतीतसुद्धा.”

गाडी उघडायला वेळ लागला नाही. ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यांनी गिळला होता. सबंध बॉडी एकसंध करून द्यायला कोणी राहिलं नाही, तेव्हा त्यांनी हेराल्ड तुकड्यातुकड्यांनी बनवून चासीवर बोल्टने बसवली. नाक वेगळं, मधला भाग वेगळा, मागचा वेगळा. टपसुद्धा बोल्ट सोडवले की उचलून बाजूला ठेवता येतं. काकांनी पहिल्या आठवड्यातच ते ठेवलं. रंगाला सोयीचं म्हणून, असं कारण दिलं; पण बिनटपाच्या गाडीभोवती ते ज्या चालीने फिरले, ती चाल रंगाऱ्याची नव्हती. मग मागची सीटही निघाली. ती रंगात यायची नव्हती, तरी निघाली. नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत गेले. डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. एका डब्यावर ‘डावं दार, वरची बिजागरी’, दुसऱ्यावर ‘उजवं दार’, आणि एका भल्यामोठ्या डब्यावर ‘बहुधा’ एवढंच. टप गच्चीवर उलटं ठेवलं होतं. उन्हाळा सुरू झाला तसा काकूंनी त्यात स्वच्छ धोतर अंथरून कुरडया घातल्या. वाळवणाला इतकी चांगली परात पुण्यात दुसरी नसेल, कडेने वर वळलेली आणि कावळ्याला उभं राहायला अडचणीची.

मग रंग. गाडीला मुळात आकाशी रंग होता, हे डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्यावर दिसलं. ‘ओरिजिनल’ हे काकांचं ब्रीद. परक्याच्या गाडीत मागून बसवलेला हॉर्न पाहिला तरी त्यांच्या कपाळाची शीर उडते. हेराल्डला नंतर इथे चार दारं लावली गेली, इंग्लंडमध्ये कधी नव्हती ती, तर त्या चार दारवाल्यांशी ते बोलतही नाहीत. पण आकाशी रंगाची स्पोर्ट्स कार? काकांनी लाल ठरवला. नुसता लाल नाही, सिग्नल रेड. तो ट्रायम्फचाच रंग, तेव्हा तोही एका अर्थी ओरिजिनल. आरटीओत जाऊन आरसीवर रंगबदलाची नोंद करावी लागेल, असं मी म्हणालो. “त्यांना काय कळतं,” असं म्हणून काकांनी एका वाक्यात परिवहन विभाग मोडीत काढला.

खरं तर पुणेरी हवेत रंगाचे महिने जानेवारी ते एप्रिल. पण त्या काळात काका पत्रा ठोकत होते, आणि गाडी दसऱ्याला बाहेर काढायची होती. म्हणजे रंग आला ऐन पावसात. पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांनी खोली उभारली. भिंतींना वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, चेहरे आतल्या बाजूला. आमच्या वॉर्डाचे सगळे आजी, माजी आणि भावी नगरसेवक हात जोडून हेराल्डकडे बघत होते. जमिनीवर पाणी मारलं, म्हणजे धूळ उडणार नाही. कॉम्प्रेसर भाड्याने आणला. आणि ठरलं की रंग ड्यूकोच मारायचा, पीयू नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं तर दमा लागतो, आणि त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क पाहिजे. ड्यूको थिनर उडून वाळतो, घासता येतो, पुन्हा मारता येतो. शिवाय वडिलांच्या काळी ड्यूकोच होता. हा निर्णय शहाणपणाचा होता हे मी मान्य करतो. त्यामागे मास्कच्या किमतीचा वाटा किती होता, ते काकू सांगतील.

ड्यूकोचं वैर दमट हवेशी. थिनर भराभर उडतं तेव्हा पत्रा गार पडतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर धरते आणि चकचकीत लालावर पांढुरकी साय येते. पहिल्या दिवशी बॉनेट सिग्नल रेड व्हायच्या ऐवजी गुलाबी झालं. काकांनी हवामान खात्याला नावं ठेवली, थिनरमध्ये रिटार्डर घातलं आणि पुन्हा मारलं. मग साय गेली, पण एक डास येऊन बसला. त्याला सुईने काढताना बोट टेकलं. बोट झाकायला जाड हात मारला, तो ओघळला. काका ओघळाकडे बघत होते, मी काकांकडे, आणि फ्लेक्सवरून एक भावी नगरसेवक आम्हा दोघांकडे.

पण खरी शोकांतिका उजव्या दारावर झाली. रंग मारला, छान बसला, आणि बघता बघता सबंध दारावर सुरकुत्या उठल्या. काका टायरवरून न बोलता उठले आणि पॉलिश पेपरने घासत गेले. लालाखाली राखाडी, राखाडीखाली हिरवा. वाड्याच्या खिडक्यांना लावतात तो हिरवा. ऑइल पेंट, आणि तोही ब्रशने मारलेला! ऑइल पेंटवर ड्यूको मारला की त्यातलं थिनर खालचा थर सोडवतं आणि तो फुगून वर येतो. सगळा खरवडून लोखंडापर्यंत गेल्याशिवाय इलाज नाही. इतर ठिकाणी काकांनी पेंट रिमूव्हर लावून तो काढला होता, या दारावर कंटाळा केला. कंटाळ्याचा उल्लेख झाला नाही. उल्लेख झाला तो पूर्वीच्या मालकाचा, आणि असा झाला की पहिल्या मजल्यावरच्या आज्जींनी खिडकी लावून घेतली. “ऑइल पेंट! गाडीला! ब्रशने! असल्या माणसाला लायसन्स कोणी दिलं?” पुढचा आठवडाभर दूधवाल्यालाही ते दार दाखवलं गेलं.

सोसायटीच्या चेअरमनसाहेबांची पांढरी गाडी जवळच उभी असे. तिच्यावर लालसर भुकटी दिसली तेव्हा कमिटीची तातडीची मीटिंग झाली. काकांनी तिथे व्याख्यान दिलं. ड्यूको हवेतच वाळतो, त्यामुळे उडालेले कण कोरडी पूड होऊन पडतात, फडक्याने निघतात. पीयू असता तर चिकटून बसला असता. “तुमचं नशीब, मी ड्यूको निवडला,” असं म्हणून त्यांनी चेअरमनना आभार मानायची संधी दिली. ती त्यांनी घेतली नाही.

दसऱ्याआधी गाडी उभी राहिली. आता दुरून बघावी तर खरंच देखणी. जवळून बघितलं तर डाव्या मडगार्डवर संत्र्याच्या सालीचा पोत, पण काका कोणाला डाव्या बाजूने येऊच देत नाहीत. तिची एक करामत मात्र निर्विवाद आहे. हेराल्डची पुढची चाकं विलक्षण वळतात, पंचवीस फुटांच्या वर्तुळात गाडी फिरते. चेअरमनसाहेबांना तीन वेळा मागेपुढे करावं लागतं तिथे काकांनी एका दमात यू टर्न मारला आणि काच खाली करून सगळ्यांकडे पाहिलं. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायचाही बेत आहे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. मात्र मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. त्याची काकांनी आतापासूनच सवय केली आहे. कोथरूडला निघालेले असोत की सिंहगडाच्या पायथ्याशी, कुठे चाललात असं विचारलं की उत्तर एकच, “पेट्रोल भरायला.”

नंबर मिळायचा तर गाडी मूळ स्वरूपात हवी, म्हणून टप परत बसवावं लागलं. कुरडयांचा घाणा झाला होता, त्यामुळे काकूंनी हरकत घेतली नाही. मागची सीट मात्र काका बसवीनात. दोन माणसांची गाडी झाली होती, आणि त्यांना ती तशीच हवी होती. साडेआठ इंच बाहेरून कमी होत नाहीत, निदान आतून तरी व्हावेत.

दसऱ्याला पूजा झाली. झेंडूची माळ घातलेल्या गाडीत पहिला मान काकांच्या आईंचा. वय नव्वदीपुढे, पण कणा ताठ. त्या काठी टेकत आल्या, पुढचं दार काकांनी अदबीने उघडलं. आई आत डोकावल्या. “मागची जागा कुठाय?”

“आई, तू पुढे बस की.”

“मी या गाडीत पुढे कधी बसलेय? पुढे ते आणि तुझे काका. मी मागेच बसणार.” आणि त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिल्या. पंधरा मिनिटांत सीट आली. काकांनी घाम पुसत आम्हाला समजावलं की हेराल्डच्या मागच्या चाकांना स्विंग अ‍ॅक्सल आहे, मागे वजन असलं की वळणावर चाकं आत दुमडत नाहीत. सीट हवीच होती, तांत्रिकदृष्ट्या.

आई मागे बसल्या. हाताला लागलं ते उजवं दार. त्यावरून त्यांनी तळवा फिरवला. “गुळगुळीत केलंस हं. तो हिरवा रंग गेला एकदाचा.”

काकांनी संधी साधली. “आई, तो हिरवा! पूर्वीच्या मालकाने ऑइल पेंट मारला होता, ब्रशने! किती त्रास झाला म्हणून सांगू.”

“पूर्वीचा मालक कसला? तू मारलास तो. नववीत होतास. हे कोल्हापूरला गेले होते, आणि वाड्याच्या खिडक्या रंगवून डबा उरला होता. आल्यावर केवढे चिडले, पण तुला बोलले नाहीत. राखाडी रंग लावून आणला त्यांनी वरून.”

पार्किंगमध्ये कोणी काही बोललं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका दाराकडे बघत राहिले, मग चष्मा काढून जरा वाकले, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, “नववीतला मुलगा! आणि कोट बघा कसा बसला होता. पन्नास वर्षं हलला नाही.”