अतिशयोक्ती: गुण दोन

इंग्रजी वाक्प्रचार शिकवण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे यादी. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, मध्ये विचाराला जागा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. यादीही मागोमाग आली. भिवंडीत ती मराठी, उर्दू, हिंदी माध्यमांच्या मुलांपुढे सारख्याच कोरडेपणाने येते. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ पाठ करताना बाहेर कामवारी नदीचं पाणी सखल वस्त्यांत शिरत असतं. पाऊस कळतो, मांजर कुठून आलं हे विचारायचं नसतं. मराठीतलं मुसळही आभाळातूनच पडतं, त्याची चौकशी कोणी केलेली नाही.

अतिशयोक्तीचं दुखणं निराळं. ती या मुलांना शिकवावीच लागत नाही. नव्या इमारतीच्या फलकावर ‘ठाणे दहा मिनिटांवर’ वाचून त्याच रस्त्यावर गोदामांच्या ट्रकांमागे तासभर अडकणारं मूल या अलंकाराचं प्रात्यक्षिक वरचेवर करतं. यंत्रमागांच्या खडखडाटात आई ‘हजारदा हाक मारली’ म्हणते, तेव्हा ते आकडा तपासत नाही. मात्र इंग्रजी पुस्तकात कुणाला इतकी भूक लागली की तो घोडा खाईल, असं आलं की तेच मूल घोड्याची काळजी करू लागतं. छापील इंग्रजी खोटं बोलत नाही, अशी समजूत त्याला मोठ्यांनीच करून दिलेली असते.

तेव्हा शिक्षकांनी यादी जरा बाजूला ठेवावी आणि अतिशयोक्तीचा धडा त्या फलकापासून सुरू करावा.