चमेलीचा सातबारा

हल्ली सक्षमीकरण कमरेपासून सुरू होतं आणि बऱ्याचदा तिथंच संपतं. गाण्याचा व्हिडिओ येतो: मधोमध एक बाई, भोवती पन्नासेक घामट पुरुष, कॅमेरा तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचायला अंमळ उशीरच करतो. पाठोपाठ मुलाखत येते. गाणं अश्लील नाही हो, ठसकेबाज आहे. ही बाई स्वतःच्या देहाची मालकीण आहे.

मालकीण म्हटलं की आम्हा बुलढाणेकरांना सातबारा आठवतो. इकडे कपाशी बाई वेचते, सोयाबीन बाई निंदते आणि उतारा काढला की खातेदार म्हणून बहुधा नवऱ्याचं नाव निघतं, नाहीतर सासऱ्याचं. तेव्हा या नव्या मालकिणीचाही उतारा काढून पाहू.

हळदीच्या रात्री मेहकरपासून मलकापूरपर्यंत डीजेवर दणाणणारं गाणं घेऊ. 'चिकनी चमेली', चित्रपट 'अग्निपथ', साल २०१२. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. संगीत अजय-अतुल. नाच बसवला गणेश आचार्य यांनी, दिग्दर्शन करण मल्होत्रांचं. चाल तर घरचीच, 'जत्रा' या मराठी चित्रपटातल्या 'कोंबडी पळाली'ची. तिचे शब्द जितेंद्र जोशींचे. बायका कुठं आहेत? एकीचा गळा, श्रेया घोषाल. एकीची कंबर, कतरिना कैफ. कसणाऱ्या दोघी आणि खातं भाऊलोकांचं! चमेली स्वतःबद्दल जे काही ठसक्यात सांगते, ते तिला एका पुरुषानं लिहून दिलेलं आहे.

श्रेया घोषाल २०२५ मध्ये एका मुलाखतीत यावर मोकळेपणानं बोलल्या. पाच-सहा वर्षांच्या मुली येऊन हे गाणं म्हणून दाखवतात, त्यांना अर्थ कळत नसतो, तेव्हा अवघडल्यासारखं होतं. बाईनं लिहिलं असतं तर कदाचित वेगळ्या नजाकतीनं लिहिलं असतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जाब गळ्यानं द्यायचा, कमरेनं द्यायचा, लेखणी नामानिराळी. (यात नवल नाही. पेशवाईत राम जोशी, होनाजी, सगनभाऊ यांनीच लावणीतल्या बाईच्या तोंडी तिची 'मन की बात' घातली, आणि पुष्कळदा नाचायलाही पोरंच असत.)

ही लबाडी पकडली ती आमच्याच बुलढाण्याच्या बाईनं. ताराबाई शिंदे. वडील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून, त्यामुळे दप्तर तपासायची सवय घरातलीच असावी. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांना बायकांच्या नीतीचा कळवळा आला. मूल एकटीचं होतं काय, हे कुणी विचारेना. १८८२ मध्ये ताराबाईंचं 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं, किंमत नऊ आणे. त्यात त्यांनी त्या काळची 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' ही गाजलेली पुस्तकं आणि नाटकंही समोर ओढली. कपटी बाई, कामातुर बाई रंगवायची पुरुषानं, रंगवून झाली की 'पाहा, बायकांची जात कशी' म्हणून बोट दाखवायचं तेही पुरुषानंच. टीकाकार खवळले, जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. मग पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत.

ताराबाईंच्या काळात त्या रंगवलेल्या बाईला निदान कुलटा म्हणून विकत. आता तीच बाई सक्षम म्हणून विकतात. माल जुना, वेष्टन नवं.

अमेरिकेतल्या गायिका बियॉन्सेनं २०१४ च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात पाठीमागे 'फेमिनिस्ट' अशी भलीमोठी अक्षरं झळकवली. तिच्यावरही टीका झाली. पण तिची स्वतःची कंपनी आहे. उतारा काढला तर तिचं नाव निघतं. आपल्याकडे अक्षरं आधी आली, फेरफाराची नोंद अजून तलाठ्याकडे पडून आहे.

आता संस्कृतिरक्षक मंडळींकडे वळू, नाहीतर त्यांना वाटेल हा लेख आपल्याच बाजूचा आहे. २०२३ मध्ये नर्तिका गौतमी पाटीलचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ कुणीतरी चोरून काढला आणि पसरवला. पुण्यात गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी मोठी गर्जना झाली ती कशावर? तिनं 'पाटील' आडनाव लावू नये यावर! काहून बाप्पा? चोरट्या मोबाइलनं आडनावाची अब्रू जात नाही, नाचानं जाते? आणि तिच्या कार्यक्रमांत पुढच्या रांगेसाठी जी रेटारेटी होते, ती काय कीर्तनाला आलेल्या वारकऱ्यांची असते?

या बाईला नाच आवडत असेल, त्यात तिचा देह असेल, मस्ती असेल, तर असू दे. पदर किती हे मोजायची मला हौस नाही. पदर आणि पैसा दोन्ही कुणाच्या हातात, एवढंच विचारतो.

खरी मालकीण पाहायची तर लावणीच्या संगीतबारीत जा. पार्टी बाईच्या नावानं ओळखली जाते. बैठकीचा हिशेब तिच्याकडे, कोणती लावणी कुणासमोर म्हणायची हे ती ठरवते, भाऊ, भाचे आणि म्हातारी आई तिच्या कमाईवर जगतात. पिढ्यानपिढ्या हे चाललंय. तिला सक्षम म्हणायला मात्र कुणाची जीभ वळत नाही. तिला म्हणतात नाचणारी. तीच लावणी नटीनं स्टुडिओच्या दिव्यांखाली केली की लोककलेचा सन्मान होतो.

येत्या ८ मार्चला बुलढाण्यातल्या एखाद्या मंडळानं अशी एक मालकीण प्रमुख पाहुणी म्हणून बोलवावी. शाल, श्रीफळ द्यावं, अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची द्यावी. फोटोच्या वेळी कोण कोण मागं सरकतं, ते मोजायला मी येतो.