जे नाही त्याचे पैसे

मराठी माणूस खरेदी करताना जन्मभर एकच प्रश्न विचारत आला: यात काय काय आहे? थाळीत काय काय आहे, सहलीत काय काय आहे, फ्लॅटसोबत काय काय आहे. शाम्पूपाशी मात्र तो आता विचारतो, यात काय काय नाही? सल्फेट नाही, पॅराबेन नाही, सिलिकॉन नाही, कृत्रिम रंग नाही. जितके नकार जास्त तितकी किंमत जास्त. रुपया-दोन रुपयांच्या पुडीतून चार गोष्टी वजा केल्या की चारशेची बाटली तयार होते.

‘पाणीसुद्धा रसायनच’ हा आठवीच्या वर्गातला विनोद मी करणार नाही. ‘केमिकल फ्री’ म्हणणाऱ्याला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळतं: कारखान्यातलं, नाव वाचताना जीभ अडखळेल असं यात काही नाही. ठीक. आता बाटली उलटी करा.

आधी सल्फेट. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट बहुधा खोबरेल किंवा पाम तेलापासून कारखान्यात करतात. ते काढून ‘नैसर्गिक’ बाटलीत घालतात ते डेसिल ग्लुकोसाइडही बहुधा तशाच तेलापासून, तशाच कारखान्यात होतं. दुसरं सौम्य आहे हे खरं. कोरड्या टाळूला, रंगवलेल्या केसांना ते मानवतं. मग ‘सौम्य’ असंच छापा ना! पण सौम्यपणाला बाजारात भाव नाही. भाव भीतीला आहे.

पॅराबेनचं प्रकरण याहून सुरस. बाटलीत पाणी आलं की बुरशी आणि जिवाणू येणार. ते थोपवायला काहीतरी घालावंच लागतं. पॅराबेन धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. युरोपीय संघानं 2014 मध्ये त्यांतल्या पाचांवर बंदी घातली, बाकीच्यांना ठरावीक मर्यादेत राहू दिलं. बाजारानं मात्र सरसकट सगळ्यांना तडीपार केलं आणि रिकाम्या जागी इतर टिकाऊकारकं घेतली. त्यांतलंच एक मेथिलआयसोथायाझोलिनोन. त्यानं लोकांच्या कातडीला अशी खाज आणली, की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं 2013 साली त्याला ‘वर्षातलं अ‍ॅलर्जन’ जाहीर केलं. याच संस्थेनं 2019 साली पॅराबेनना उलटा किताब दिला: ‘वर्षातलं अ‍ॅलर्जन नसलेलं’. हा किताब कुठल्या बाटलीवर छापलेला पाहिलाय तुम्ही?

आयुर्वेदिक बाटल्यांची तऱ्हा वेगळी. माका इतके मिलिग्रॅम, ब्राह्मी इतके, आवळा इतके, असा चोख हिशेब असतो आणि शेवटी हळूच ‘शाम्पू बेस’, लागेल तेवढा. लागतो किती? जवळजवळ बाटलीभर.

आणि कांदा! लासलगावचा शेतकरी भाव नाही म्हणून तो रस्त्यावर ओततो. तोच कांदा शाम्पूच्या यादीत तळाशी, सुगंधाच्या शेजारी जाऊन बसला की सोन्याचा होतो. कांद्याच्या बाजूनं एक जुना अभ्यास आहे, हे कबूल. 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी चाई पडलेल्या रुग्णांना कच्च्या कांद्याचा रस दिवसातून दोनदा, दोन महिने लावायला दिला आणि बऱ्याच जणांचे केस आले. चाई वेगळी, आणि आजोबा-वडिलांकडून आलेलं टक्कल वेगळं. शिवाय त्यांनी रस डोक्यावर ठेवला होता, दोन मिनिटांत धुऊन टाकला नव्हता. बाटलीवर हे लिहायला जागा पुरली नसावी.

‘केसांना पोषण’ हा तर सगळ्यात गोड दावा. टाळूबाहेर आलेला केस मेलेला असतो. त्याला दूध, मध, केळं, अंडं चारणं म्हणजे श्राद्ध घालणं. कावळा शिवेल, केस नाही.

निसर्ग आपला, कारखाना परका, ही समजूत किती पक्की असावी? जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस नुसते ओढले तरी हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत डोकं साफ. पाण्यावर संशय घेऊन झाला, बुरशीवर घेऊन झाला. आयसीएमआरचं पथक येऊन गेलं आणि रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढल्याचं पुढे आलं. विंचूदंशावरच्या उपचारामुळे जगाला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या केल्या आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पंजाब-हरियाणाकडून आलेला, सेलेनियम जास्त असलेल्या जमिनीत पिकलेला गहू. म्हणजे मातीतून पिकात, पिकातून पोळीत, पोळीतून रक्तात. मध्ये एकही कारखाना नाही, एकही वाचता न येणारं नाव नाही. आणि याच सेलेनियमचं एक संयुग, सेलेनियम सल्फाइड, कोंड्यावरच्या औषधी शाम्पूत असतं. बाटलीतलं कोंडा घालवतं, शेतातलं केस घालवून गेलं. प्रश्न मात्रेचा होता, जन्मगावाचा नव्हता.

ज्यांना खरोखरच बाटल्यांचा कंटाळा आलाय, त्यांच्यासाठी काष्ठौषधीचं दुकान आहे. शिकेकाई, रिठा, आवळकाठी. बिया काढा, रात्री भिजत घाला, सकाळी उकळा, कुस्करा, गाळा. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे. तेही मळ काढणारं रसायनच, फक्त झाडावर लागलेलं. भरपूर तेल चोपडलं असेल तर एका धुण्यात निघत नाही, चोथा केसांत अडकतो, मोरी तुंबते, आणि डोळ्यांत गेलं तर तासभर नैसर्गिकरीत्या रडता येतं. तरी वस्तू चांगली आहे, स्वस्त आहे, कोणाला फसवत नाही. म्हणूनच तिची जाहिरात नाही. उरलेला काढा मात्र दोन-तीन दिवसांत आंबतो. तो वर्षभर टिकवायचा असेल तर त्यात काय घालावं लागेल? वर जा, पॅराबेनचा परिच्छेद परत वाचा.

आणि ‘आमच्याकडे सगळं नॅचरल’ असं सोसायटीच्या बैठकीत ऐकवणाऱ्या गृहस्थांनी एका रविवारी तो रिठा स्वतः फोडावा. निसर्गाकडे परतायची वाट आपल्याकडे नेहमी बायकोच्या मनगटांतून जाते.

एवढं सगळं विसरलात तरी चालेल, पण एक गोष्ट विसरू नका. मेंदीचा रंग लॉसोनमुळे येतो आणि तो नारिंगी-तांबडाच असतो. नुसत्या मेंदीनं केस काळे होत नाहीत. झाडपाल्यानंच काळे करायचे तर नंतर निळीच्या पानांची पूड लावावी लागते आणि अर्धा दिवस त्यात जातो. जी ‘हर्बल काळी मेंदी’ पंधरा-वीस मिनिटांत केस कुळकुळीत करते, तिच्यात बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन असतं. केसांच्या रंगानं चेहरा सुजून, डोळे मिटून दवाखाना गाठणाऱ्यांत ते नेहमीचं कारण असतं. पुडीच्या समोर मेंदीचं पान छापलेलं असेल, हे नाव मागे सापडेल, अक्षर बारीक असेल. चष्मा घेऊन दुकानात जा. आणि लावायचंच ठरवलं असेल तर आधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबा. लग्नाच्या आदल्या रात्री तर मुळीच लावू नका.