‘इन हॉस्पिटल’ आणि ‘ॲट द हॉस्पिटल’: साताऱ्यास सविस्तर खुलासा

तीर्थरूप आबा आणि मातोश्री यांच्या चरणी लंडनकरांचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ब्रिटनमधील इंग्रजीत ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे रुग्ण म्हणून दाखल असणे आणि ‘ॲट द हॉस्पिटल’ म्हणजे काही कामानिमित्त तेथे गेलेले असणे, असा भेद असून तो नामावर नव्हे, तर नामाआधीच्या अव्ययावर आणि ‘द’ या उपपदाच्या असण्या-नसण्यावर ठरतो. चि. नंदूने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काका इन हॉस्पिटल’ एवढेच टाकून फोन बंद केला, तेव्हा आबांनी त्याचा लावलेला अर्थ व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता आणि साताऱ्यात सकाळी सात वाजता, म्हणजे येथे उन्हाळ्यातील पहाटे अडीच वाजता, आलेल्या फोनचा दोष मुळीच साताऱ्याकडे जात नाही. हा काका, म्हणजे चि. अनिल, सहकाऱ्याच्या नवजात कन्येस पाहण्यासाठी बेसनलाडवांचा डबा घेऊन गेला होता. त्याची प्रकृती ठणठणीत असून डबा रिकामा परत आला आहे. ‘इन प्रिझन’चेही असेच असल्याने, म्हणजे उपपदाविना तो माणूस कैदीच ठरत असल्याने, नंदूला त्या शब्दाच्या वाटेस न जाण्याची ताकीद देण्यात आली आहे.

या घोटाळ्याचे मूळ मराठीच्या औदार्यात आहे. मराठीत संबंध दाखवणारे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात, इंग्रजीत तेच काम करणारे अव्यय नामाच्या पुढे उभे राहते, आणि बऱ्याच नामांना आपापले अव्यय ठरलेले असते. मराठी षष्ठीचा ‘चा-ची-चे’ प्रत्यय प्रश्नाचे उत्तर, दाराची किल्ली, पुण्याचे तिकीट, घराचे नुकसान आणि विलंबाचे कारण या सर्वांना एकटा पुरून उरतो; इंग्रजीत मात्र आन्सर, की, तिकीट आणि डॅमेज या नामांना ‘टू’ लागतो, रीझनला ‘फॉर’ आणि त्याच्याच भावकीतील कॉजला ‘ऑफ’. मराठी माणूस ‘चा’ म्हटले की ‘ऑफ’ लावून मोकळा होतो, आणि समोरचा इंग्रज सौजन्याने काहीच बोलत नाही, त्यामुळे सुधारणेचा मार्गही खुंटतो. (कुकरची दुसरी शिट्टी झाली, मातोश्रींनी पाठवलेली भाजणी आणि मेतकूट सुखरूप पोहोचले, बरणी फुटलेली नाही, हे येथेच नोंदवलेले बरे.)

क्रियापद आणि नाम यांचा संसारही वेगळा असतो, ही गोष्ट आबांनी चौतीस वर्षे लाल शाईने सांगितली. ‘डिस्कस’, ‘डिमांड’ आणि ‘रिक्वेस्ट’ ही क्रियापदे आपले कर्म थेट घेतात, पण त्यांचीच नामे झाली की मध्ये अव्यय लागते: डिस्कशन ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’, डिमांड ‘फॉर’, रिक्वेस्ट ‘फॉर’. भारतातील कचेऱ्यांत ‘डिस्कस अबाउट’ जे रूढ झाले, ते नामाचे अव्यय क्रियापदाच्या गळ्यात पडल्यामुळे, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

नाम आणि विशेषण यांच्यासारख्या शब्दांच्या ठरलेल्या जोडीस भाषाविज्ञानात शब्दसाहचर्य म्हणतात. जे. आर. फर्थ या लंडनच्या प्राध्यापकांनी शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते हा विचार रुजवला खरा, परंतु या जोड्यांची मोठी यादी त्याआधीच, १९३३ साली, हॅरोल्ड पामर यांनी टोकियोत प्रसिद्ध केली होती. परक्यांना शिकवताना जे अडते ते घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’ आणि धुके ‘थिक’. चहा ‘स्ट्राँग’ चालतो, ‘पॉवरफुल’ चालत नाही, आणि त्याचे कारण विचारणाऱ्यास वहिवाटीपलीकडे काही मिळत नाही. मराठीही याबाबतीत कमी हट्टी नाही: पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, अंधार मिट्ट. येथे जन्मलेल्या चि. सईला हे शब्द येतात, जोड्या येत नाहीत, त्यामुळे जानेवारीत शाळेतून येऊन तिने ‘मुसळधार थंडी’ जाहीर केली. भूक कडकडून लागते आणि मिठीही कडकडून मारतात, हे तिला मातोश्रींनीच मागच्या सुटीत सांगितले होते. परवा रात्री तिने ‘आजीला कडकडून फोन करायचा’ असे म्हटले, तेव्हा साताऱ्यात मध्यरात्र उलटली असल्याने तो करता आला नाही, आणि तिची चूक दुरुस्त करण्याचेही कोणाच्या जिवावर आले.

आता दूरचित्रवाणीच्या परवान्याविषयी. या देशात दूरचित्रवाणीवर कोणतीही वाहिनी थेट पाहण्यासाठी घरटी वार्षिक परवाना लागतो, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचे शुल्क १७४.५० पौंड, म्हणजे सुमारे वीस हजार रुपये, झाले होते. संच स्वतःच्या पैशाने घेतलेला, वीज स्वतःची, सोफा स्वतःचा, तरीही पाहण्याचे पैसे निराळे, हे ऐकून मातोश्रींनी रेडिओच्या लायसन्सची आठवण काढली, ती अगदी योग्य आहे. परवाना नसल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्या सूचनेतही व्याकरण सुटत नाही: ‘फाइन’नंतर ‘ऑफ’ आले तर पुढे रक्कम येते, ‘फॉर’ आले तर अपराध येतो, आणि सवलतीस, म्हणजे ‘एक्झम्प्शन’ला, ‘फ्रॉम’ लागतो. कृष्णधवल संचासाठीचा परवाना तेव्हा ५८.५० पौंडांचाच होता, त्यामुळे माळ्यावरील जुना संच पाठवण्याची आबांची सूचना अर्थशास्त्रीयदृष्ट्या बिनतोड आहे. फक्त विमानाचे भाडे तीत धरलेले नाही. पंचाहत्तरीपुढील व्यक्ती घरात असल्यास परवाना फुकट मिळतो ही बातमीही जुनी झाली, कारण २०२० पासून त्यासाठी ती व्यक्ती किंवा तिचा जोडीदार येथील पेन्शन क्रेडिट नावाचे साहाय्य घेणारा असावा लागतो. तेव्हा आबांनी परवान्यासाठी नव्हे, नुसतेच यावे.

गावाकडील बातम्यांपैकी आत्यांच्या जावयाने पुन्हा गाडी बदलली हे वाचून कोणासच आश्चर्य वाटले नाही. नानांनी हद्दीचे कुंपण एक वीत पुढे सरकवले असल्यास आबांनी रक्तदाब सांभाळून मोजणी मागवावी.

राहता राहिली बंडूकाकांकडील इंग्रजी लग्नपत्रिका, जिच्या कच्च्या छपाईत आबांनी ‘मॅरेज’पुढील ‘विथ’ कापून ‘टू’ केले आणि व्याह्यांना त्यात मुलीचा कमीपणा दिसला. वधूच्या बाजूने पाहिले काय किंवा वराच्या, इंग्रजी कोशांचा कौल ‘टू’कडेच आहे, भारतातील पत्रिकांत ‘विथ’ सर्रास दिसतो, तो बहुधा मराठी-हिंदीतील ‘शी’ आणि ‘से’ यांचा प्रसाद असावा, आणि त्यावाचून कोणतेही लग्न अडलेले किंवा मोडलेले नाही. तरीही आबांनी माघार घेऊ नये. व्याही अगदीच ऐकत नसतील तर पत्रिका मराठीत छापावी. तेथे ‘हिच्याशी’ म्हटले की भागते, आणि आहेराबाबतची तळटीप मात्र दोन्ही भाषांत ठेवावी.