तळघरातील स्मृतिकार

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या नियमांत मनाजोगता फेरफार करण्याची मुभाही त्यांनी खेळणारांना उदारपणे दिली. आणि त्या मुभेलाच सनद समजून तिच्यावर वतन खाणारा जो एक पुरुष अमेरिकेतील गावोगावच्या तळघरांत आढळतो, तोच हा हौशी डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार. दिवसभर कुठल्याशा कचेरीत निमूटपणे हिशेब तपासणारा हा गृहस्थ शनिवारी रात्री पुठ्ठ्याच्या पडद्याआड स्थानापन्न झाला, की मूळ ग्रंथ केवळ श्रुतीप्रमाणे वंद्य उरतो आणि सारा व्यवहार त्याने स्वतः रचलेल्या स्मृतीवर, म्हणजे एका जाडजूड फायलीवर, चालू लागतो. टेबलाखाली गेलेला फासा बाद. वारंवार एकच दाखवणाऱ्या वीसबाजूंच्या फाशाला बरणीत कैद. पिझ्झा आणणाऱ्यास एक फेरटाक माफ. (या शेवटच्या कलमास लाचेचा वास येतो असे म्हणणाऱ्याची तलवार पुढच्याच दालनात मोडते.)

१९७८ च्या नियमग्रंथाने स्त्रीपात्रांच्या बळावर घातलेली मर्यादा त्याने केव्हाच रद्द केली, हे त्याच्या खाती जमा धरलेच पाहिजे. परंतु इंग्रजी सर्वनामांपाशी त्याची न्यायबुद्धी अनावर झाली. प्रथम त्याने एका प्रकरणात ‘ही’ (म्हणजे तो) आणि पुढच्यात ‘शी’ (म्हणजे ती) असा पाळीचा क्रम लावला, तेव्हा राक्षसांची राणी जिना उतरताच पुरुष झाली; मग १९३४ च्या वेब्स्टर कोशात शिरलेले आणि १९६१ च्या आवृत्तीतून हद्दपार झालेले ‘थॉन’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम त्याने समारंभपूर्वक परत आणले, ते कोणाच्याच जिभेवर टिकले नाही. अखेर स्त्रीही नव्हे, पुरुषही नव्हे अशा एका जादूगाराची भूमिका करणाऱ्या मुलीने ‘माझ्या पात्राला दे (म्हणजे अनेकवचनी ते) म्हणा’ असे सुचवले, आणि इंग्रज लोक कित्येक शतके एकट्या व्यक्तीसाठीही वापरत आलेला तो शब्द सर्वांनी विनातक्रार उचलला. त्यानेही उचलला, मात्र कलमावाचून तंटा मिटला, हे शल्य त्याला राहिले.

सुदैवाने पुढच्याच शनिवारी गुहेतून ‘दे’ येत असल्याचे ऐकून एकाने अख्खी फौज समजून अग्निगोल फेकला, आणि त्यात तो जादूगारच होरपळला. त्या क्षणी मास्टरांच्या मुद्रेवर जे समाधान पसरले, ते कित्येक न्यायाधीशांच्या नशिबी नसते. एकासाठी बोट, अनेकांसाठी पंजा, असे फर्मान तत्काळ निघाले. पण पंजा वर करणे ही पिझ्झा मागण्याची खूण आधीच्याच एका कलमाने मुक्रर झालेली असल्याने दुरुस्तीचा मसुदा अद्याप चर्चेत आहे.